कानोसा

विलास तोडकरांना उभ्या आयुष्यात कोणाला तोंडावर 'नाही' म्हणता आलं नाही. आता रुग्णालयाच्या समितीला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता, 'हो' किंवा 'नाही', आणि त्या शब्दावर त्यांचं जगणं-मरणं ठरणार होतं. दैवाला थट्टा सुचते ती ही अशी.

तालुक्याच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते, सगळ्यांचे अण्णा. खिडकीआड खुर्ची, समोर माईक आणि बाहेर वाट बघून कावलेली माणसं. कोणी विचारलं, गाडी येतेय का, की अण्णा म्हणायचे, "येतेय की. बसा जरा." गाडी घाटात बंद पडलेली असो नाहीतर पुलावरून पाणी चाललेलं असो, अण्णांच्या खिडकीतून ती येतच असायची. घरी तरी काय वेगळं होतं? दारावर आलेल्या भाजीवाल्याला नको म्हणवत नसे, म्हणून घरात मेथीच्या जुड्यांवर जुड्या येऊन पडायच्या आणि बायको धुसफुसत त्या निवडत बसायची. थोरली लेक हर्षदा हे बघत वाढली. वडिलांच्या या भिडस्तपणाचा तिला मनस्वी राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तिचा जीवही त्याच्यावरच होता.

अण्णांना झटका आला तेव्हा ते अंगणात स्कूटर पुसत होते. मेंदू खाली जिथं पाठीच्या कण्याला जोडला जातो, त्या बोटभर जागेत रक्ताची गुठळी अडकली. जागा एवढीशी, पण शरीराकडे जाणारा प्रत्येक निरोप तिथूनच जातो. वरचा मेंदू शाबूत राहिला. आठवण, समज, ऐकणं, माणसं ओळखणं, सगळं जागच्या जागी होतं. खाली मात्र काहीच पोचेना. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. पापणीसुद्धा हुकमात राहिली नाही. श्वासाचं काम गळ्यातल्या नळीतून मशीन करू लागलं. पूर्वीचा काळ असता तर अशा माणसाला बेशुद्ध समजून लोकांनी त्याच्याच उशाशी बसून त्याच्या तेराव्याची बोलणी केली असती.

कानोशामुळे ती वेळ टळली. यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. इकडच्या कोणा डॉक्टरनं त्याला कधीतरी कानोसा म्हटलं आणि तेच चिकटलं. मानेच्या शिरेतून केसाहून बारीक तारांची एक जाळी वर सरकवायची आणि मेंदूच्या माथ्यावरून जाणाऱ्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवायची. कवटीला हात लावायचा नाही. हात उचलायचं किंवा पाय झटकायचं मनात आलं की मेंदूच्या एका पट्ट्यात विजेची बारीक कुजबुज होते. प्रत्यक्ष हात हलो न हलो, कुजबुज होतेच. जाळी ती ऐकते आणि उशाजवळच्या पेटीला कळवते. डॉ. नाझनीन बागवान सगळ्या घरच्यांना बजावून सांगायच्या की हे मन बिन काही वाचत नाही. आतल्या आत हात उचलला का पाय मारला, एवढंच त्याला ओळखता येतं.

'हो'साठी एक आणि 'नाही'साठी एक अशा हालचाली आधी ठरवाव्या लागतात, आणि त्या जन्मभराच्या सवयीच्या असल्या तर कुजबुज ठळक उमटते. हर्षदानं 'हो'साठी माईक सुचवला. उजव्या हातानं माईक तोंडाशी न्यायचा. 'नाही'साठी स्कूटरची किक. स्कूटर जुनी आणि हट्टी होती, सकाळी अण्णांची किक-किक ऐकूनच गल्ली जागी व्हायची. डॉक्टर शिकवणीला बसल्या. तुमचं नाव विलास आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. माईक लगेच उचलला गेला, पडद्यावर हिरवी रेघ झरकन वर आली. मग विचारलं, तुमचं नाव गणपत आहे का. बराच वेळ काही नाही. मग तांबडी रेघ उठली न उठली अशी उठली. डॉक्टरांना वाटलं, जाळी नीट बसलेली दिसत नाही. हर्षदाला आधी हसू आलं आणि पाठोपाठ रडू. ती म्हणाली, जाळी बरोबर बसलीय डॉक्टर. तुम्ही गणपत म्हणालात, आता तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून अडलेत ते.

पुढचे महिने त्या हिरव्या-तांबड्या रेघांवर गेले. ऊन लागतंय का, रेडिओ लावू का, कूस बदलायची का. हर्षदा शिकवायची ती शाळा सुटली की थेट रुग्णालयात यायची, मग घर, मग सकाळी पुन्हा शाळा. अण्णांच्या फुप्फुसात कफ साठून ताप यायचा, औषधांनी उतरायचा, आणि प्रत्येक तापानंतर ते आणखी थोडे वाळलेले दिसायचे. शेवटी बागवान डॉक्टरांनी हर्षदाला आणि तिच्या धाकट्या भावाला, ऋतुराजला, समोर बसवून सरळ सांगितलं. बंद झालेली वाट आता उघडायची नाही. मशीनवर ते असे वर्षानुवर्षं राहतील, नाहीतर एखादा ताप त्यांना घेऊन जाईल. मशीन ठेवायचं की काढायचं, हे पूर्वी घरच्यांनी ठरवायचं असायचं आणि त्यापायी सख्खी भावंडं एकमेकांकडे पाठ फिरवायची. आता कायद्यानं खुद्द पेशंटलाच विचारायची सोय झाली होती.

सोयीला अट होती. प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचा, 'श्वासाचं मशीन चालू ठेवायचं का?' मुलांनी विचारायचा, समितीवरच्या त्रयस्थ माणसानं विचारायचा, प्रत्येकानं आपापल्या वेळी. म्हणजे उत्तर कोणाच्या दडपणाखाली आलेलं नाही हे कळतं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं तर ते पेशंटचं स्वतःचं. नाहीतर 'इच्छा अनिश्चित' असा शेरा, मशीन चालू, आणि कानोशाची पेटी दुसऱ्या पेशंटकडे. पेट्या थोड्या होत्या आणि त्याच मजल्यावर एक बाई पेटीची वाट बघत निजून होत्या. कायदा करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त बसस्टँडवरच्या कंट्रोलरचा करायचा राहून गेला होता.

आधी ऋतुराजनं विचारलं. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आई गेली तेव्हा तो ड्युटीवर होता आणि तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते त्याच्या मनातून कधी गेलंच नाही, त्यामुळे अण्णांच्या बाबतीत त्याला कशाचीच घाई नको होती. प्रश्न विचारताना त्याचा आवाज कापत होता. त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत माईक उचलला गेला. हो. ऋतुराज वडिलांच्या हातावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला.

मग हर्षदाचा नंबर आला. तिनं तेच शब्द म्हटले. पडदा थांबला, थांबूनच राहिला, आणि मग तांबडी रेघ हळूहळू, पण ओळखू येईल इतकी वर आली. नाही. समितीच्या चंदूरकर बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या, बोलायला करड्या पण मनानं मऊ. त्यांनी विचारलं तेव्हा दोन्ही रेघा जराजरा हलल्या आणि खाली बसल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, पुढच्या बैठकीत आणखी एकदा बघू, त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही.

कँटीनमध्ये ऋतुराजचा बांध फुटला. मला हो म्हणाले, मग तुलाच नाही कसं म्हणाले, तू काय भरवलंस त्यांच्या मनात, असं तो बोलून गेला. हर्षदानं काहीच भरवलं नव्हतं. तिनं तसं सांगितलंही. तो म्हणाला, ताई, तू दमलीयस, मला दिसतं ते, पण दमलीयस तर तसं सांग, त्यांच्या तोंडून कशाला वदवून घेतेस. हर्षदाचा चहा तसाच राहिला. भावाचा राग आलाच, पण त्याहून जास्त एक भीती तिला शिवून गेली, कारण त्याचं बोलणं कुठंतरी आत जाऊन लागलं होतं.

आणि मग तिला आठवलं. प्रश्न विचारायच्या आदल्या दिवशी ती अण्णांच्या खोलीतल्या खिडकीशी उभी राहून नवऱ्याशी, मिलिंदशी, फोनवर बोलत होती. मला आता खरंच होत नाही रे, असं ती म्हणाली होती. कधी संपणार हे सगळं, असंही म्हणाली होती. खोलीत आपण एकटेच आहोत अशा थाटात. अण्णांचे कान शाबूत आहेत, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तिनंच तर डॉक्टरांना सांगून त्यांना रेडिओ लावायला लावला होता. तरी न हलणाऱ्या माणसाच्या देखत माणसं बोलतातच, तशी ती बोलली होती. आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला तिचं मागणं देऊन टाकलं. ऋतुराजला त्याचं दिलं, हिला हिचं. चंदूरकर बाईंना काय हवंय ते त्यांना उमगलं नाही, म्हणून त्यांना काही देता आलं नाही. मी त्यांच्याकडून मरण मागून घेतलं की काय, या विचारानं हर्षदा वॉर्डाकडे परत जाताना जिन्यातच खाली बसली.

तिनं सगळं बागवान डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हर्षदाताई, यंत्राला उत्तर ऐकू येतं. ते कोणासाठी दिलंय, हे नाही ऐकू येत." आपली डॉक्टरकी इथं संपते असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेरा अनिश्चित पडला तर पेटी जाणार, आणि मग अण्णांना ऊन लागतंय का, एवढंही कोणाला कळणार नव्हतं. हर्षदाला सगळ्यात जास्त त्याचीच धास्ती वाटली. मशीन राहो की जावो, पण आपल्या बापाचा आवाज आपल्या एका फोनपायी बंद व्हावा, हे तिला सोसवत नव्हतं.

रुग्णालयासमोरच्या बसथांब्यावर ती घरी जायला उभी होती. हल्लीच्या थांब्यावर कोणी कोणाला काही विचारत नाही, पाटीवर गाडी कुठवर आली ते दिसतं. पण त्या दुपारी एक म्हातारबुवा आले, पाटी त्यांना वाचता येईना, आणि त्यांनी हर्षदाला विचारलं, गाडी येतेय का गं बाई. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "येतेय की. बसा जरा. कुठं निघालाय?"

बुवा सांगत बसले, बहिणीकडे चाललोय, तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हर्षदा मात्र आपल्याच शब्दांशी अडकली होती. 'येतेय की, बसा जरा' हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्यावरून स्टँडवर अण्णांची नक्कलही व्हायची. पण त्याच्यापुढचं 'कुठं निघालाय?' नकलेत कोणी घेतलं नाही. लहानपणी शाळा सुटल्यावर ती स्टँडवर अण्णांच्या खिडकीमागे स्टुलावर बसून गृहपाठ करायची, तेव्हा तिनं हे कितीदा बघितलं होतं. एकदा एक बाई आली, गाडी येतेय का विचारत. येतेय की, म्हणाले अण्णा, आणि मग विचारलं, कुठं निघालाय, कशासाठी. बाईची लेक बाळंतपणाला अडलेली. अण्णा माईक ठेवून उठले, दुधाच्या टँकरवाल्याला हात केला आणि बाईला पुढं बसवून दिलं. गाडी रद्द झालीय हे तेव्हाच तिला सांगितलं. आधी विचारायचे, मग त्या माणसाला काय सांगायचं ते ठरवायचे. स्वतः विचारल्याशिवाय अण्णांना खरं उत्तर देताच येत नसे.

आणि इथं गेले कित्येक महिने सगळे जण त्यांनाच विचारत होते. त्यांना काय विचारायचंय, हे कोणी विचारलं नव्हतं. हर्षदानं म्हातारबुवांना गाडीत चढवून दिलं आणि ती आल्या पावली परत फिरली.

अण्णांची खोली दुपारच्या उन्हानं भरून गेली होती. तिनं दार लोटून घेतलं, खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच आधी बोलली.

"अण्णा, त्या दिवशीचा माझा फोन तुम्ही ऐकलात. खरंय ते. मी दमलेय. कधी कधी वाटतं, संपावं आता. पण ते माझं आहे, माझं मी बघेन. मिलिंद आहे, ऋतू आहे. मी दमले म्हणून तुम्ही जायचं नाही, आणि ऋतू रडतो म्हणून तुम्ही थांबायचं नाही. आमच्यासाठी गाडी सोडायचं काम आता तुमच्याकडे नाही."

पडदा शांत होता. तिनं अण्णांच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. हिरवी रेघ इतक्या झटक्यात वर आली की तिला आपणच काही चुकीचं बघतोय असं वाटलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा हिरवी.

पेटीत अक्षरांचीही सोय होती, पण ती सहसा कोणी वापरत नसे. एकेका अक्षराला वेळ लागतो, पेशंट थकून जातो, आणि डॉक्टरांच्या मागे सगळा वॉर्ड असतो. बागवान डॉक्टर मात्र हर्षदानं बोलावताच हातातलं काम दुसऱ्याकडे देऊन आल्या. त्या एकेक वर्ग म्हणू लागल्या, कवर्ग, चवर्ग, आणि अण्णांनी माईक उचलला की त्या वर्गातली अक्षरं एकेक करून. पहिलं अक्षर मिळालं, ग. मग बऱ्याच वेळानं द. मधे अण्णांना कफ दाटला, तो काढावा लागला, आणि हर्षदा म्हणाली, राहू दे, उद्या करू. पण हिरवी रेघ पुन्हा उठली. म मिळाला. र मिळायच्या आतच डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाकून हळू आवाजात विचारलं, "काका, मशीन काढलं तर गुदमरेन का, असं विचारताय तुम्ही?"

माईक उचलला गेला आणि रेघ वरच राहिली, जणू कोणी तो खाली ठेवायलाच तयार नव्हतं.

हर्षदाला एकदम सगळं दिसलं. अण्णांची आई दम्यानं गेली होती. शेवटचे दिवस ती तोंड उघडून हवा शोधत असायची आणि अण्णा तिला टेकवून बसवून धरायचे. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त घरात कोणी तोंडावरून पांघरूण घेऊन झोपलं की ते येऊन ओढून काढायचे. एवढे दिवस तो माणूस ही एकच भीती उराशी घेऊन पडला होता, आणि आपण सगळे शहाणे त्याला विचारत होतो, चालू ठेवायचं का, चालू ठेवायचं का. तिला स्वतःची आणि त्या कायद्याचीही लाज वाटली.

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "काका, खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मशीन नुसतं काढलं तर जीव घाबरा होईल. म्हणून आम्ही तसं काढत नाही. आधी औषध देते, त्यानं तगमग शमते. तुम्ही शांत झालात हे बघून मगच मशीन थोडं थोडं कमी करते. मी उठून जाणार नाही. औषधाची गुंगी येईपर्यंत मधेच नको वाटलं तर माईक उचला, मी थांबते. पुढं तगमग दिसली तर आणखी औषध देते. मशीन काढल्यावर किती वेळ जाईल, ते मात्र मला सांगता येणार नाही. आणि ठेवायचं ठरवलंत तरी मी इथंच आहे."

मग त्यांनी विचारलं, कळलं का. हो. आणखी काही विचारायचंय का. तांबडी रेघ आली, नेहमीसारखीच दबकत. हर्षदाला तिथल्या तिथं तो मोठा प्रश्न विचारावासा वाटला, शब्द ओठांवर आलेही, पण डॉक्टरांनी मान हलवली. आज नको, त्यांना विचार करू दे, त्या म्हणाल्या. हर्षदानं रेडिओ लावला आणि दोघींनी अण्णांना उन्हाच्या बाजूला कूस करून दिली.

तिनं ऋतुराजला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, स्वतःच्या त्या बोलण्यासकट. मग त्यानं विचारलं, आजीचं त्यांनी आपल्याला कधीच कसं सांगितलं नाही गं. हर्षदा म्हणाली, आपण तरी कुठं विचारलं.

बैठकीच्या दिवशी ऋतुराज सकाळीच आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. खोलीबाहेर त्यानं बहिणीला थांबवलं.

"ताई, मी विचारलं की ते हो म्हणणार. माझा आवाज ऐकला की म्हणणारच. तुला माहितीय."

"माहितीय."

"मग?"

हर्षदाला त्याला खूप काही सांगता आलं असतं. आवाज घट्ट ठेव, रडू नकोस, त्यांच्यासाठी एवढं कर. पण अण्णांना जे करू नका म्हणून आपण सांगितलं तेच भावाला करायला लावायचं, हे तिच्या जिवावर आलं. "तुला जसं विचारायचंय तसं विचार," ती म्हणाली. "त्यांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील." तिनं असं म्हटलं खरं, पण त्यातला धोका तिला दिसत होता. हिरवी रेघ आली की शेरा पडणार, आणि पेटी संध्याकाळच्या आत त्या दुसऱ्या बाईंकडे जाणार.

आधी चंदूरकर बाईंनी विचारलं. श्वासाचं मशीन चालू ठेवायचं का? खोलीत मशीनचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मागल्या वेळी घोटाळलेल्या रेघांपैकी हिरवी जागची हलली नाही. तांबडी आली, सावकाश, पण पुरती. नाही. बाईंनी मान डोलवली. मग हर्षदा. तिनं तेच शब्द म्हटले. नाही. तिनं खाली बघितलं आणि खुर्ची ऋतुराजला दिली.

ऋतुराज बसला. ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. "अण्णा," एवढंच म्हणाला आणि थांबला. मग त्यानं जे म्हणू नये ते म्हणून टाकलं. "अण्णा, थांबा ना अजून. मी बदली करून घेतो इकडं. रोज येईन. आईच्या वेळी नव्हतो मी." बोलता बोलता तो हुंदके द्यायला लागला. चंदूरकर बाई अस्वस्थ झाल्या. नियमाला हे धरून नव्हतं, पण त्यांनी मधे तोंड घातलं नाही. त्यानं डोळे टिपल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, प्रश्न तेवढा विचारा. आणि ऋतुराजनं ओल्या आवाजात, आर्जव करत, प्रश्न विचारला.

हर्षदानं पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. हिरवी रेघ थरथरली. तिनं मनातल्या मनात हात जोडले, आणि कशासाठी जोडले ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रेघ तशीच थरथरत राहिली आणि खाली बसली. मग काहीच नाही. डॉक्टरांनी पेटी बंद करायला हात पुढं केला.

आणि तांबडी रेघ उठली. दबकत नाही, उठली न उठली अशी नाही. थंडीत बंद पडलेली स्कूटर अण्णा अंगातलं सगळं बळ लावून शेवटच्या किकेत चालू करायचे, तशी सरळ वर गेली, पडद्याच्या काठाला जाऊन भिडली. शिकवणीपासून आजवर कानोशानं त्यांचं इतकं ठणठणीत 'नाही' ऐकलं नव्हतं.

चंदूरकर बाईंनी मान डोलवली. हर्षदाला रडू फुटलं, दुःखानं फुटलं आणि अभिमानानंही. जन्मभर खिडकीतून 'येतेय की, बसा जरा' सांगत आलेल्या माणसानं आज पहिल्यांदा, दुसरी कुठली सोय न लावता, आणि तेही पोटच्या पोराला, गाडी येणार नाही असं सांगितलं होतं.

ऋतुराज उठला. तो बाहेर निघून जाईल असं तिला वाटलं. पण तो खाटेला वळसा घालून पायाशी गेला, चादर बाजूला केली, आणि अण्णांचा तो उजवा पाय, किक मारणारा, महिनोन्महिने न हललेला, दोन्ही हातांत धरून बसला.